तारेची जखम

चिकलठाणा

प्रिय मारुती,

तुला कुत्रं चावलं नव्हतं, हे मला गेल्या रविवारी कळलं. तू जाऊन पाच-सहा महिने उलटल्यावर, आपल्याच ओसरीवर, आपल्याच घरचा चहा पिणाऱ्या एका परक्या माणसाच्या तोंडून. म्हणून हे पत्र. नाहीतर तुला पत्र लिहायचं माझ्या डोक्यात कशाला येईल? जिवंत होतास तेव्हा माझा फोनसुद्धा उचलायचा नाहीस. उचललास तरी, "आक्के, डोंगरात आहे, रेंज नाय," एवढं बोलून ठेवून द्यायचास.

मला तुझी आठवण येते, नाही असं नाही. पण आज राग जास्त आहे, आणि तो तुझ्यावरच आहे. तो माणूस काय, परका आहे. त्याच्याकडून मी काही मागितलंच नव्हतं.

त्या दिवशी तू माझ्या दारात उभा राहिलास ते मला अजून दिसतं. दिवाळीच्या आधीचे दिवस. मी कंपनीच्या कँटीनमधून नुकतीच आले होते, अंगाला फोडणीचा वास, हातात पिठाची पिशवी. तू उजव्या हाताला उपरणं गुंडाळून उभा. "काय रे, काय झालं?" तर म्हणालास, "काय नाय, कुंपणाची तार लागली." मी उपरणं सोडलं. तळव्याच्या मागं दोन खोल भोकं आणि मनगटापर्यंत फाटलेलं. मी म्हणाले, ही कसली रे तार? तर हसलास. "काटेरी तार आक्के, नवी हाय, लई धार हाय तिला."

मी साबणानं हात धुतला, हळद भरली, शिव्या दिल्या. तू निमूट बसलास. मग मीच तुला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनीही विचारलं, कशानं लागलं? तू म्हणालास, तार. त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. बरोबरच केलं त्यांनी, तारेला तेच देतात. जनावर चावल्यावर देतात ते दुसरं इंजेक्शन त्यांच्याच फ्रिजमध्ये असेल, नसेल, मला माहीत नाही. पण ते मागायला तोंड उघडावं लागतं, मारुती. तू दवाखान्यापर्यंत आलास, बाकावर बसलास, बाही वर केलीस, सुई टोचून घेतलीस, आणि चुकीची सुई टोचून घेतलीस. समजून उमजून.

समजून उमजून म्हणते, कारण तुला माहीत होतं. आपण कुणाची पोरं आहोत? डोंगराच्या पायथ्याला मेंढरं राखत आपल्या बापाचा जन्म गेला. लांडग्यानं कोकरू नेलं तर आई कोसायची आणि बाबा म्हणायचे, "नेऊ दे, त्याचा वाटा हाय त्यो. वर्साला एखाददुसरं त्याचं." दगडसुद्धा मारायचे नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी आपल्याला दोघांना कान धरून शिकवली होती. लांडगा माणसाला भितो. जो भीत नाही, उजेडी सरळ अंगावर चालत येतो, तो पिसाळलेला. त्याच्यापासून पळायचं, आणि दात लागला तर घरी यायच्या आधी दवाखाना गाठायचा. आपला धाकटा सदा तेव्हा पाळण्यात होता, त्याला आठवणार नाही. तुला आठवत होतं ना?

आणि लांडग्याचा आवाज काढायला तू तिथंच शिकलास. आठ-नऊ वर्षांचा असशील. मेंढवाड्यामागं बसून असा काही आवाज काढलास की सगळी मेंढरं धडपडून उभी राहिली आणि आई लाटणं घेऊन धावली. बाबा मात्र गालात हसले. पलीकडच्या टेकाडावरून खऱ्या लांडग्यानं तुला उत्तर दिलं होतं. तू आठवडाभर छाती काढून फिरलास. माझा जळफळाट व्हायचा, कारण मी कितीही प्रयत्न केला तरी माझ्या तोंडून फक्त कुत्र्याचं भुंकणं निघायचं.

तो आवाज तू पुढं विकशील, असं तेव्हा कुणाला वाटलं असेल?

इथल्या कंपनीतलं तुझं काम सुटलं आणि तू गावी परत गेलास, तेव्हा मीच तुझ्या बायकोला, सुनीताला समजावलं होतं, होईल काहीतरी. मग वेरूळला आलेले कुणी फोटोवाले तुला भेटले. त्यांना लांडगा बघायचा होता, तू दाखवलास. मला फोन करून किती कौतुकानं सांगितलंस. "आक्के, यवढाल्या दुर्बिणी, यवढाले कॅमेरे, अन् जनावर दिसंना त्यांला. मी एक हाळी दिली अन् समोर हजर. सायब लोक मला गुरुजी म्हनत्यात." मला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं. माझा भाऊ, शाळेतून दोनदा पळालेला, आणि साहेब लोकांचा गुरुजी.

कॅमेरे जाऊन बंदुका कधी आल्या, ते मात्र तू मला सांगितलं नाहीस. सुनीतालाही नाही. ती तुला पहाटे भाकरी बांधून द्यायची, फोटोवाल्यांसोबत चाललाय म्हणून.

आता रविवारचं सांगते.

मी गावी गेले होते. दुपारी दारात पांढरी मोठी गाडी थांबली. उतरला तो पन्नाशीचा, स्वच्छ कपड्यांतला, बोलायला गोड. त्याचं नाव इथं लिहीत नाही. तुझ्या भाषेत 'पाहुणा' म्हणते, तूही त्याला तेच म्हणायचास, हे मला आता कळलं. शहरातलाच आहे, छावणीच्या बाजूला बंगला आहे म्हणे. फळांची टोपली आणली होती आणि तुझा मोठा केलेला फोटो, चौकटीत घालून. फोटोत तू हसतोयस. खालच्या कोपऱ्यात काहीतरी केसाळ, करडं, अर्धवट कापलेलं दिसत होतं. सुनीतानं बोट लावून विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "लांडग्याचा कान. क्रॉप करताना राहिला, सॉरी."

आम्ही तिघंही त्याच्याकडं बघत राहिलो, मी, सुनीता आणि सदा. त्याला वाटलं आम्हाला सगळं ठाऊक आहे. म्हणून तो मोकळेपणानं बोलत गेला.

म्हणाला, "काय माणूस होता. शेवटच्या वेळीसुद्धा काय आवाज काढला! जनावर सरळ आमच्याकडं चालत आलं, सकाळच्या उन्हात. इतकं सोपं कधीच झालं नव्हतं. गोळी लागली, पडलं. मग फोटोसाठी मी म्हटलं, मारुती, मान जरा उचलून धर. त्यानं धरली, आणि त्यात जीव होता हो अजून. हातच धरला त्याचा."

सदा म्हणाला, "कुनी धरला?"

"लांडग्यानं. मग दुसरी गोळी घालावी लागली."

मारुती, सरळ चालत आलं होतं ते. सकाळच्या उन्हात, बंदुकवाल्या माणसांच्या घोळक्याकडं. तुझ्या आवाजानं आलं असं त्या पाहुण्याला वाटलं. तुलाही तसंच वाटलं का? का बाबांचं बोलणं आठवलं होतं, पण पाहुण्यासमोर मान धरायला नको कसं म्हणायचं, असं झालं? मी इतके दिवस हेच घोळवत बसलेय आणि दर वेळी तुझ्या कानाखाली द्यावीशी वाटते.

सुनीता हळूच म्हणाली, "दादा, डॉक्टर तर म्हनले कुत्रं चावलं आसंल."

त्यावर तो काय म्हणाला, ऐक. चहाचा कप खाली ठेवून, अगदी आपुलकीनं म्हणाला, "वाईटच झालं. मी तर त्याच दिवशी संध्याकाळी इंजेक्शनं सुरू केली. मला चावलंही नव्हतं, नुसती हाताला लाळ लागली होती. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, असं जनावर निरोगी नसतं, रिस्क नको."

 मग सुनीतानं विचारलं, "अन् ह्यांना फोन नाय केला?"

तो खरंच गोंधळला. सोंग नव्हतं ते. म्हणाला, "मला वाटलं त्यानं घेतलं असणार. त्याला जनावरांचं सगळं कळायचं की."

सुनीता उठून आत गेली. तो जाईपर्यंत ती बाहेर आली नाही. आत गेले तर चुलीसमोर बसली होती, चूल विझलेली, आणि तिच्या हातात फुंकणी.

तुझ्या त्या दवाखान्यातल्या दिवसांबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही. आधी हाताला मुंग्या, मग ताप, मग झोप नाही. सुनीतानं तुला माझ्याकडं आणलं, मी सरकारी दवाखान्यात नेलं. पाणी मागितलंस, मी गिलास पुढं केला आणि तुझा गळा असा आवळला की गिलास उडाला. मी वेडी, तुझ्यावर ओरडले, पी की रे नीट. मग तो तरुण डॉक्टर आला, गिलासाकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, "काही चावलं होतं का? कुत्रं? मांजर? माकड?" तू छताकडं बघत राहिलास. त्यानं हात बघितला, वण बघितला. "हे कशाचं आहे?" मी म्हणाले, तारेचं. तू डोळे मिटलेस.

तो मला बाहेर नेऊन सांगेपर्यंत तुला सगळं कळलेलं होतं. मी आत आले तर तू म्हणालास, "आक्के, पोरांना जवळ आणू नको." डॉक्टरनं तुला अजून काही सांगितलं नव्हतं, मारुती.

मी तुझे पाय धरून विचारलं, कशानं चावलं, सांग, बाकीच्यांना तरी वाचवता येईल. तू म्हणालास, "बेलभंडार उचललाय, आक्के. जनावराचं नाव काडायचं नाय, मानसाचं नाव काडायचं नाय." मला वाटलं तापात बरळतोयस. खंडोबाचं नाव घेतोयस म्हणून मी बाहेर येऊन नवस बोलले.

म्हणजे असं होतं तर, हे मला रविवारी उलगडलं. शिकारीआधी डोंगरात तू घरून नेलेला भंडारा आणि बेलाचं पान तळहातावर घ्यायचास आणि शपथ घ्यायचास. आपल्यात बेलभंडार उचलला की माणूस मरेल पण फिरणार नाही. वाटण्या त्यावर होतात, सोयरीक मोडलेली त्यावर जुळते. तू तो एका शिकारीसाठी उचललास. आणि शब्द पण काय घातलेस? जनावराचं नाव नाही! लांडगा म्हणायचं नव्हतं तर नसतं म्हणायचं रे. कुत्रं चावलं म्हणायचास, कुठलंही कुत्रं, गावात काय कमी आहेत? इंजेक्शन तेच असतं. पण कुत्रंसुद्धा जनावरच, म्हणून तेही नाही. देवाला फसवल्यासारखं होईल म्हणून तार. इतका काटेकोर तू आयुष्यात दुसऱ्या कशात होतास ते सांग मला.

आणि तुझ्या या गप्प बसण्यानं काय केलं, तेही ऐकून ठेव. डॉक्टर कुत्रं म्हणाले, म्हणून गावानं कुत्र्यांवर राग काढला. तुझा मोती, जो तुझ्या बाजेखाली झोपायचा, त्याला सदानं आणि शेजारच्यांनी बांधून मारलं. तो शेपूट हलवत होता म्हणे, शेवटपर्यंत. त्यानं कुणाला चावलेलं नव्हतं. हे सदाला रविवारी कळलं, आणि तो गोठ्यामागं जाऊन ओकला.

पण त्याच सदानं पुढं काय केलं, ते ऐकशील तर तुला तुझीच आठवण येईल. पाहुणा निघताना म्हणाला, "सदा, पावसाळ्यानंतर पुण्याची मंडळी येणार आहेत. मारुतीसारखा माणूस मिळणार नाही. तुला येतो का आवाज?" आपला सदा, पिकअप चालवणारा, तुझ्यामागं घर ओढणारा, मान खाली घालून म्हणाला, "येतो." खोटं. त्याला माझ्याइतकाच येतो. आणि आत जाऊन देवघरातली भंडाऱ्याची ताटली घेऊन आला. दारचं बेलाचं पान तोडून आणलं. त्याच्या मनात, दादा करायचा तसं आपण करायचं, म्हणजे शब्द पक्का.

मी ताटली त्याच्या हातातून काढून घेतली. तो म्हणाला, "आक्का, मधी पडू नको. मोठ्या लोकांना शब्दाचा मानूस लागतो."

तेव्हा पाहुणा हसला. वाईट नाही हसला, समजूत घातल्यासारखा. म्हणाला, "अरे, त्याची काही गरज नाही. तो तुझ्या भावाचा शौक होता. आम्ही कधी मागितलं नव्हतं. मला वाटायचं, शिकारीआधीची पूजा असेल काहीतरी. सोबतच्या मंडळींना आवडायचं, व्हिडिओ काढायचे."

ऐकलंस? ज्यांच्यासाठी तू तोंड शिवून घेतलंस, त्यांना माहीतच नव्हतं की तू शब्द दिलायस. त्यांनी घेतलाच नव्हता तो. तू हातावर भंडारा घेऊन उभा, आणि ते मोबाइल धरून, मारुती, जरा उजेडाकडं तोंड कर. तुझ्या पोरांचा बाप ह्यापायी गेला.

मी पाहुण्याला म्हणाले, फळं घेऊन जा. त्यानं नेली नाहीत. मी शेळ्यांपुढं टाकली. फोटो ठेवला. कान कापून नवीन चौकट करायची असं सुनीता म्हणते, मी म्हणाले राहू दे.

तिथपर्यंत सुनीता आणि मी एक होतो. मग मी तिला सांगितलं की मी वनखात्याच्या हापिसात जाणार आहे, कन्नडला. सगळं सांगणार आहे. तर ती उभी राहिली. "आक्का, नको. ह्यांचं नाव येईल. आज मानसं म्हनत्यात, बिचाऱ्याला कुत्रं चावलं. उद्या म्हनतील, चोरटी शिकार करायचा, बरं झालं. पोरं शाळंत जात्यात माजी." आणि मग म्हणाली, "तुमी ह्या घरच्या लेक हाय, उद्या आपल्या घरी जाल. मला हितंच ऱ्हायचंय."

 खोटं नाही ते. मी इथं दोन खोल्यांत दार लावून बसेन, आणि तिला रोज त्याच नळावर पाणी भरायचंय. सदा म्हणाला, मेलेल्या मानसाला चोर करू नको. मी त्याला विचारलं, मग जित्या माणसाला डोंगरात धाडू?  नाही जाणार असं काही तो म्हणाला नाही. पुण्याची मंडळी यायला अजून वेळ आहे, आणि तो माणूस गोड बोलतो. सदा जाईल, मारुती. मी त्याला ओळखते. तू सगळ्या गावात मोठा, म्हणून तो तुझ्यासारखाच व्हायला जाईल. आवाज येत नाही तर पुढं पुढं करेल, पडलेल्या जनावराची मान कुणी सांगायच्या आधी तोच धरेल.

सुनीता माझा फोन उचलत नाही. काल तुझ्या लहान्यानं उचलला, म्हणाला, "आत्या, आई म्हनते तू येऊ नको." मागून सुनीताचा आवाज आला, असं बोलू नको रे म्हणून. मग फोन ठेवला.

तरी मी जाणार आहे. उद्या सुट्टी टाकलीय. कँटीनमध्ये सांगितलं, भावाचं काम आहे. कुठला भाऊ, विचारलं नाही कुणी.

मी काय करणार ते तुला आधी सांगते, नंतर म्हणशील आक्कानं पाठीमागून केलं. हापिसात विचारतील, शिकारीला कोण न्यायचा? आवाज कोण काढायचा? जागा कोण दाखवायचा? सगळ्याला एकच उत्तर आहे, आणि ते मी सांगेन. बापाचं नाव, गावाचं नाव, आडनाव, सगळ्यासकट. तुझं नाव घेतल्याशिवाय त्याच्या नावापर्यंत पोचताच येत नाही, तू वाटच तशी करून ठेवलीस. पहिलं तुझं सांगेन, दुसरं त्याचं. तिसरं सदाचं नसेल, एवढं मी बघेन.

त्याचं नाव तू जीव देऊन झाकलंस. तुझं मी झाकणार नाही. मला माफ कर असं म्हणणार नाही, कारण तूही मला कधी म्हणाला नाहीस.

तुझी,
आक्का